लक्ष्मीबाई टिळकांबद्दल बोलायला वेळ कमी पडला

आज वाचनालयात आम्ही वाचक मंडळी जमलो होतो. आवडता लेखक सांगायचा आणि का आवडतो तेही सांगायचं, एवढंच ठरलं होतं. वनखात्यातून निवृत्त झालेले एक काका मारुती चितमपल्लींबद्दल बोलले. "आम्ही जे जंगल रोज बघायचो, त्यातल्या पाखरांकडे नीट बघायला यांनी शिकवलं," म्हणाले. कॉलेजातल्या एका मुलीने 'बनगरवाडी'वर बोलताना माडगूळकरांची छोटी छोटी वाक्यं सरळ वाचूनच दाखवली. फार छान वाचते ती.

मी लक्ष्मीबाई टिळकांबद्दल बोलले. लहानपणी लग्न झालं, शाळा अशी नाहीच. १८९५ मध्ये नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या स्वतःच्या विचाराने त्याच वाटेवर गेल्या. एवढं सोसलेल्या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिलं ते मात्र हसतखेळत. सोवळ्यापायी बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेणारे वडील, लहरी टिळक, सगळ्यांवर लिहिलंय, पण कुणाबद्दल कडवटपणा नाही. स्वतःच्या मनातली शिवाशीव कशी गळून पडली, तेही त्या लपवत नाहीत. माझ्या मते मराठीत याहून प्रांजळ आत्मचरित्र नाही. आणि भाषा! ओसरीवर बसून बोलावं तशी. मला ती मोठ्याने वाचायला आवडते, आईलाही वाचून दाखवते.

माडगूळकर आता पुन्हा काढणार आहे. तुमचा लेखक कोण? नुसतं नाव नको, का आवडतो तेही लिहा.