मान्रेसाची वाट आणि मनातला खडा

स्पेनमधलं इगुआलादा गाव मागे पडलं की बाणांचा घोळ सुरू होतो. पिवळे बाण संत याकोबाच्या वाटेचे. ते सांतियागोला, म्हणजे पश्चिमेकडे नेतात. आपल्याला जायचंय पूर्वेला, मोन्सेर्रातच्या डोंगराकडे, आणि आपले बाण नारिंगी. पायवाट तीच, दगड तेच, पण दोन रंग बरोबर उलट दिशा दाखवतात. दमलेला माणूस सवयीने दिसेल त्या बाणामागे जातो आणि अर्ध्या तासाने लक्षात येतं की आपण आलो तिकडेच परत निघालोय. पिवळा बाण चुकीचा नाही, तो दुसऱ्याच्या वारीचा आहे. पिवळा दिसला की त्याच्याकडे पाठ करायची आणि चालू लागायचं.

जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नाशियसची ही वाट त्याच्या जन्मगावाहून, लोयोलाहून, मान्रेसापर्यंत जाते. साधारण साडेसहाशे किलोमीटर, २७ टप्पे. आम्ही चाललो ते शेवटचे दोन: इगुआलादा ते मोन्सेर्रात सुमारे २७ किलोमीटर आणि तिथून मान्रेसा सुमारे २५. ज्याला सतत वाटत राहतं की आपलं काहीतरी चुकलंय, देवाने आपल्याला अजून माफ केलेलं नाही, त्याने चालायची वाट हीच. या वाटेच्या शेवटी एक माणूस क्षमा मिळूनही ती मिळालीच नाही या समजुतीने महिनोन्‌महिने तडफडला आणि सुटला. आपण कसे अडकलो आणि कसे सुटलो, हे त्याने पुढे आपल्या सोबत्यांना बारकाव्यानिशी सांगून ठेवलंय.

इग्नाशियस सरदार घराण्यातला. मे १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या मन पालटलं आणि १५२२ च्या मार्चमध्ये तो मोन्सेर्रातच्या मठात आला. तिथे त्याने आयुष्यभराच्या पापांचं निवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे द्यायची कबुली, लिहून काढलं, त्याला तीन दिवस लागले. २४ मार्चची रात्र काळ्या मारियामातेच्या वेदीसमोर, कधी उभा तर कधी गुडघ्यांवर, जागून काढली. तलवार आणि खंजीर तिथेच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगर उतरला.

चढणीबद्दल थोडक्यात. इगुआलादा तीनशे मीटरच्या आसपास, मठ सुमारे ७२० मीटरवर, आणि मधले चढउतार वेगळे. माणशी दोन लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात तेही पुरत नाही. पहाटेच निघावं. मठाकडची राहण्याची जागा आधी ठरवून ठेवावी, ऐनवेळी मिळेल या भरवशावर चढू नये.

मोन्सेर्रातला पोहोचल्यावर एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सगळाच अपराधभाव खोटा नसतो. इग्नाशियसची पापं खरी होती आणि त्याने ती सांगितली हे बरोबरच केलं. खऱ्या अपराधाला नाव असतं, ठिकाण असतं, ज्याचं नुकसान झालं तो माणूस असतो, आणि पुढे काय करायचं तेही दिसत असतं: पैसे परत करायचे, माफी मागायची, खोटं बोललो ते मागे घ्यायचं. चर्चची शिकवण इथे अगदी काटेकोर आहे. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक हवं आणि मनापासून होकार हवा. यातली एक जरी नसली तरी ते गंभीर पाप नव्हे. मनात चमकून गेलेला विचार, स्वप्न, रागाची सणक, प्रार्थनेत मधेच आलेलं भलतंसलतं चित्र, यांना होकार दिलेला नसेल तर ते पापच नव्हे. नुसत्या मोहाला कबुली लागत नाही.

पापनिवेदनाला बसताना एका कागदावर मावेल एवढंच घ्यावं. काय केलं, साधारण किती वेळा, आणि ज्याने पापाचं स्वरूपच बदलतं अशी परिस्थिती असेल तर ती. कहाणी नको, नवऱ्याची किंवा सासूची पापं नकोत. दहा मिनिटं पुष्कळ झाली. प्रामाणिकपणे सांगताना एखादं राहून गेलं तर तेही त्या क्षमेत आलंच. गंभीर असेल आणि नंतर आठवलं तर पुढच्या वेळी एका वाक्यात सांगायचं, तोवर जीव टांगणीला लावायचा नाही. पापमुक्तीचे शब्द कानावर पडले की कागद फाडून टाकायचा. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण जपून ठेवलेला कागद महिन्याभराने पुन्हा वाचला जातो आणि तिथूनच दुखणं सुरू होतं.

दुसऱ्या दिवशीची वाट उताराची. सांता सेसिलियाच्या जुन्या देवळाशी पहिला विसावा घेतला. डोंगर उतरताना आठवावा असा एक प्रसंग आहे. वेदीपुढे जागरण करायच्या आधी इग्नाशियसने आपले भारी कपडे एका भिकाऱ्याला देऊन टाकले होते. मठापासून कोसभर गेला असेल नसेल, मागून एक माणूस धावत आला आणि विचारू लागला, कपडे तुम्हीच दिले का? भिकारी तसं सांगत होता आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं. इग्नाशियस हो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण दिलेल्या कपड्यांपायी त्या गरिबाला चोर ठरवून छळलं जातंय, हे त्याला कळलं.

खोट्या लाजेचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचं नाही. भिकाऱ्याने काही केलेलं नव्हतं. अंगावर चांगलं कापड दिसलं, एवढ्यावर लोकांनी निकाल दिला. अशी लाज बाहेरून अंगावर टाकली जाते, आणि बराच काळ अंगावर राहिली की आपलीच वाटू लागते. मूल होत नाही म्हणून मान खाली घालणारी बाई, लग्न मोडलं म्हणून चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा माणूस, लहानपणी कोणीतरी अत्याचार केला तो स्वतःच्या नावावर वाहणारा मुलगा. ती लाज अत्याचार करणाऱ्याची आहे, त्या मुलाची कधीच नव्हती. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभूचं उत्तर सरळ आहे: याचंही नाही, त्यांचंही नाही.

पूर्वजांच्या पापाचा शाप घराण्यात उतरतो असं सांगणारी शिबिरं आपल्याकडेही भरतात. लोक आजोबा-पणजोबांची यादी घेऊन जातात आणि आणखी जड होऊन परततात. मुलाने बापाच्या अन्यायाचा भार वाहायचा नाही, हे यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. खुद्द स्पेनच्या बिशपांच्या धर्मतत्त्व आयोगाने २०२४ मध्ये अशा पिढीजात आरोग्यप्रार्थनांविरुद्ध इशारा दिला आहे.

मोन्सेर्रातचा खडक गोट्यांचा. गोल गोटे जणू सिमेंटमध्ये घट्ट बसवलेले, आणि ते सुटून वाटभर बारीक खडी पसरलेली. बुटात खडा जाणारच. लॅटिनमध्ये अशा बारीक टोकदार खड्याला स्क्रुपुलुस म्हणतात आणि मनाला टोचत राहणाऱ्या खोट्या पापशंकेला चर्चने तेच नाव दिलं. गंमत अशी की मोठा धोंडा माणूस वळसा घालून टाळतो, पण खड्यासाठी थांबायला त्याला लाज वाटते. एवढ्याशासाठी कशाला, पुढच्या वळणावर काढू, असं म्हणत पाच किलोमीटर जातात आणि टाचेला फोड येतो. खडा टोचला की त्याच पावलाला बसायचं, बूट काढून उलटा झटकायचा, मोजा उलटा करून बघायचा. लंगडत चाललं तर दुसऱ्या पायाचा गुडघाही जातो.

खाली उतरलं की पाइनची झाडं लागतात. तिथल्या पाइनच्या सुया जोडीजोडीने गळतात. वाटेवर वाकून पाहिलं तर सुयांवर सुया आडव्या पडलेल्या, हातभर जागेत शेकडो क्रूस. प्रत्येक पावलाखाली दहावीस मोडतात. इग्नाशियसने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत अगदी हेच उदाहरण घेतलंय, फक्त सुयांऐवजी गवताच्या काड्या. चालताना दोन काड्यांच्या क्रूसावर नकळत पाय पडला आणि मी पाप केलं असं मीच ठरवलं, तर तो चुकीचा निवाडा. चूक समजावली की मिटतो. पण पाय पडल्यावर बाहेरून एक विचार येतो की पाप झालं, दुसऱ्या बाजूने वाटतं की नाही झालं, आणि मन त्या दोन्हींत हेलकावत राहतं, ती खरी पापशंका. हिला समजावून भागत नाही, कारण प्रत्येक उत्तरातून ती नवा प्रश्न काढते.

पुढचा नियम आणखी कामाचा. शत्रू, म्हणजे सैतान, आधी पाहतो की मन राठ आहे की हळवं. राठ असेल तर आणखी राठ करतो, मोठ्या पापाचंही काही वाटेनासं होतं. हळवं असेल तर आणखी हळवं करत नेतो, जिथे पाप नाही तिथे ते दाखवतो. म्हणून ज्याने त्याने आपल्या कलाच्या उलट दिशेने जायचं. एकच प्रवचन सगळ्यांना लागू पडत नाही ते यामुळेच. कठोर प्रवचन ज्याने ऐकायला हवं तो डुलक्या घेतो आणि ज्याला त्याची गरज नाही ती आजी रात्रभर जागते.

त्या आजीसाठी थोडे नेमके नियम. कम्युनियन, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली पवित्र भाकर, घेण्यापूर्वीचा उपास आता एक तासाचा आहे, १९६४ पासून. मध्यरात्रीपासून पाणीही न घेण्याचा जुना नियम तिच्या आईने शिकवला आणि तो मनात तसाच राहिला. पाणी आणि औषध यांनी उपास मोडत नाही, म्हणून बीपीची गोळी घेऊन खुशाल जावं. म्हातारे, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तर तासाचीही अट नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेचा उपास १८ ते ५९ वयापर्यंत बंधनकारक, आजाऱ्याला नाही. तापाने किंवा टाळता न येणाऱ्या ड्यूटीमुळे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकली तर ते पाप नव्हे. मासिक पाळीत चर्चमध्ये किंवा कम्युनियनला जाऊ नये असा चर्चचा नियमच नाही. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईने गर्दीत प्रभूच्या वस्त्राला हात लावला तेव्हा त्याने तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली.

कास्तेलगाली गावाच्या पुढे वाट सोपी होते आणि पाय जड. मान्रेसा दिसू लागतं, उंचावर मोठं चर्च, खाली कार्दोनेर नदी. इग्नाशियसने इथे सुमारे अकरा महिने काढले. रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना, आणि तरी आत कल्लोळ. मोन्सेर्रातला सगळं सांगितलं खरं, पण ते नीट सांगितलं का? पुन्हा सांगितलं, समाधान नाही. एका धर्मपंडिताने सुचवलं, आठवेल ते सारं लिहून काढ. त्याने लिहिलं, आणि शंका आणखी बारीक झाल्या. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी बजावलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच मागचं सांग. पण त्याला सगळंच स्पष्ट दिसत होतं, म्हणजे त्या आज्ञेचाही उपयोग होईना. खोलीतल्या भगदाडात उडी टाकावी इथवर मजल गेली. देवाला दुखावणार नाही असं ओरडून त्याने स्वतःला आवरलं. एक आठवडा अन्नपाणी सोडलं. धर्मगुरूंनी ते मोडायला लावलं, त्याने ऐकलं. दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी एका पापातून दुसरं आठवत साखळी पुन्हा सुरू.

तिथे त्याला उमगलं. ही साखळी कोणत्या कडीला संपते हे तो शोधत होता, आता ती कुठून येते हे त्याने पाहिलं. यातून आपल्याला जगण्याचाच वीट येतोय, म्हणजे हे देवाकडचं नाही. त्याने ठरवलं की मागचं काहीही पुन्हा कबुलीत न्यायचं नाही, आणि त्या दिवसापासून तो सुटला. सुटकेचं कारण स्वतःची जिद्द नव्हती, देवाची दया होती, असं तो सांगतो. आमचंही मत तेच. जिद्द तर आठवडाभराच्या उपासातही होती आणि तिने दुखणं वाढवलंच.

हा त्रास असलेल्याने करायचं ते एवढंच: एकच धर्मगुरू धरायचे, दर आठवड्याला नवीन शोधायचा नाही. त्यांनी ‘पुरे’ म्हटलं की पुरे, मन मानत नसलं तरीही, कारण इथे मन हाच बिघडलेला काटा आहे. आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हाही देव त्या मनाहून थोर आहे, असं योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय. माफी झालेलं पाप ‘खात्रीसाठी’ पुन्हा सांगायचं नाही. शंका आली तर तिच्याशी वाद घालत बसायचं नाही, हातातलं काम चालू ठेवायचं. आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणणं, हात धूत राहणं, कबुलीचे शब्द घोकणं यात रोजचे तास जात असतील, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर धर्मगुरूंइतकाच मानसोपचारतज्ज्ञ गरजेचा, आणि जीव द्यायचा विचार असेल तर त्याच दिवशी. त्यावर औषध आणि उपचार आहेत. मधुमेहाची गोळी घेताना श्रद्धा कमी पडत नाही, इथेही पडत नाही.

नदीवरचा जुना पूल ओलांडून वर गेलं की इग्नाशियसची गुहा. गुहेत गेल्यावर बहुतेक जण पुन्हा पापांची उजळणी सुरू करतात. ती इथे नको. त्याने शिकवलेल्या रोजच्या मनाच्या तपासणीत पाच पायऱ्या आहेत आणि पहिली आभाराची आहे: आधी आभार, मग प्रकाश मागणं, मग दिवसाकडे पाहणं, मग क्षमा, मग उद्या. हा क्रम उलटा केला की ती पोलिसी चौकशी होते. पंधरा मिनिटं बसायचं. सांता सेसिलियाच्या भिंतीची सावली, पुरलेलं पाणी, न आलेला फोड, बरोबर वेळेला दिसलेला नारिंगी बाण, एकेकाचं नाव घ्यायचं. मग उठून पुलाकडे उतरायचं. स्टेशन खालीच, बार्सिलोनाला सव्वा ते दीड तास. गाडीत बसल्यावर बूट काढून झटकून घ्यावेत.