आधी पार्किंगमधला प्लग, मग शोरूम

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, 'एका चार्जमध्ये किती जाते?' पुण्यातल्या रोजच्या वापरासाठी या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. हडपसरहून हिंजवडीला जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात आणि ३० युनिटची बॅटरीसुद्धा तेवढं सहज काढते. विचारायचं ते हे: रात्री गाडी उभी राहते तिथे तुमच्या स्वतःच्या मीटरवरून वीज आणता येते का? पैशाचं सगळं गणित यावरच ठरतं.

शहरात मध्यम आकाराची गाडी एका युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर जाते. घरी चार्ज करताना १० ते १२ टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणजे मीटरवरच्या एका युनिटला ५.७ किलोमीटर धरा. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणाऱ्या घराचं बिल १७५ युनिटांनी वाढतं. इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो, कारण ते बिलाची सरासरी काढतात. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. घरात आधीच २८० युनिटं जळत असतील, तर गाडीच्या १७५ पैकी १५५ युनिटं तिसऱ्या टप्प्यात पडतात. म्हणून बिल हातात घ्या, त्या टप्प्याचा वीज आकार घ्या, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क लावा. स्थिर आकार सोडून द्या, तो गाडी नसतानाही भरावाच लागतो. युनिट १० रुपयांना पडलं तर किलोमीटरला पावणेदोन रुपये, १७ ला पडलं तर तीन.

आता तुलना. पेट्रोल १०४ रुपये आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तेराचं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला आठ रुपये. इलेक्ट्रिकचे अडीच वजा केले की साडेपाच वाचतात. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला सुमारे ५५,००० किलोमीटर लागतात. महिन्याला १,५०० किलोमीटर चालवणाऱ्याला तीन वर्षं, ५०० चालवणाऱ्याला नऊ. हा फरक एक्स-शोरूम किमतीतला नव्हे, ऑन-रोड किमतीतला धरा: दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के वाहन कर लागतो, इलेक्ट्रिकला त्यातून सूट मिळते.

सीएनजीशी तुलना केली की मात्र चित्र बदलतं. सीएनजी किलोमीटरला चारच्या आसपास पडतो, म्हणजे बचत जेमतेम दीड रुपया. ज्यांच्याकडे सीएनजी गाडी धडधाकट आहे त्यांनी केवळ पैशासाठी ती विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि घरी प्लग नसेल, सगळी भिस्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर असेल, तर युनिटला वीस-बावीस रुपये आणि वर जीएसटी मोजून खर्च सीएनजीच्या बरोबरीला जातो. पेठांमधल्या नव्या इमारतींत यांत्रिक पार्किंग असतं. वर-खाली सरकणाऱ्या पाळण्यापर्यंत केबल सहसा नेता येत नाही. तिथे राहणाऱ्यांनी तूर्त थांबावं.

प्लग शक्य असेल तर भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर लागतोच असं नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रीच्या दहा तासांत बॅटरीत पंचवीसेक युनिटं जातात, म्हणजे दीडशेहून जास्त किलोमीटर. फक्त गिझरचा साधा सॉकेट वापरू नका. तासन्‌तास १३-१५ अँपिअर ओढल्यावर त्याची पकड सैल होते, तो तापतो आणि वितळतो. इंडस्ट्रियल सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच.

मोठा चार्जर बसवायचाच असेल तर मंजूर भार वाढवावा लागतो, आणि खरा खर्च केबलचा येतो. मीटर रूम ते पार्किंग ५० मीटर असेल तर ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलवर ३२ अँपिअरला जवळपास १० व्होल्ट पडतात. १० चौरस मिलिमीटरची घेतली तर सहा. बांधकाम व्यावसायिकाचा इलेक्ट्रिशियन ४ ची सुचवेल, ऐकू नका. त्याआधी न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा, नाहीतर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. पुण्यात खाली काळा कातळ, त्यामुळे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालणारा चार्जर एप्रिलमध्ये अडतो. बेसमेंटमध्ये सॉकेट जमिनीपासून किमान सव्वा मीटर वर घ्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमध्ये किती पाणी चढलं होतं ते आठवा.

राहिला लांबचा प्रवास. मुंबईला वरचेवर जाणाऱ्यांना द्रुतगती मार्गावरची टोलमाफी हा मोठा फायदा आहे. पण परतीचा हिशोब वेगळा ठेवा. खोपोली ते लोणावळा साडेपाचशे मीटर चढताना सपाटीपेक्षा तीनेक युनिटं जास्त जातात, आणि ताशी १०० च्या वेगाला युनिटमागे पाच-साडेपाच किलोमीटरच मिळतात. उतरताना त्यातली बरीचशी वीज परत येते, पण बॅटरीत जागा असेल तरच. म्हणून लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून घाट उतरू नका. भरलेली बॅटरी ती वीज घेत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ८० टक्क्यांना प्लग काढा.