तांदळातलं नाव

वकील मॅडमनी कागदांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवली. पहिल्याच ओळीत लग्नपत्रिका. मला हसूच आलं. निघालोय घटस्फोट घ्यायला आणि आधी काय सिद्ध करायचं, तर लग्न झालं होतं! आमची विवाहनोंदणी राहूनच गेली होती. ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणता म्हणता 2011 चं 2023 झालं. मॅडम म्हणाल्या, नोंदणी नाही म्हणून लग्न खोटं ठरत नाही. पत्रिका, दोघं नीट दिसतील असा एक फोटो आणि प्रतिज्ञापत्र जोडू.

पत्रिका साताऱ्याला आईच्या ट्रंकेत निघाली, बनारसी शालूच्या घडीत. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं, वर ‘श्रीकुलस्वामिनीच्या कृपेने’. पुढे घटस्फोटाच्या अर्जाला दस्त क्रमांक 1 म्हणून हीच जोडली गेली.

पण खरा घोळ नावाचा होता. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही लाजले वगैरे. तेच नाव रेशनकार्डावर चढलं आणि रेशनकार्ड दाखवून आधार काढलं, म्हणून आधारवरही. नोकरी मात्र लग्नाआधीची. त्यामुळे पॅन, पदवी, पगाराचं खातं सगळं माहेरच्या नावानं. आणि पत्रिकेवरही अर्थात माहेरचंच. म्हणजे कागदोपत्री लग्न एकीचं झालं होतं आणि घटस्फोट मागणारी दुसरीच!

यावर उतारा ‘उर्फ’. अर्जाच्या मथळ्यात माहेरचं पूर्ण नाव, उर्फ, सासरचं पूर्ण नाव आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं वेगळं प्रतिज्ञापत्र. तरी टायपिस्टनं तिसऱ्या पानावर एका नावाची वेलांटी खाल्लीच. पान बदललं, म्हणजे दोघांच्या सह्या पुन्हा. नवरा बिचारा हिंजवडीहून शनिवारी परत आला. ‘बिचारा’ हा शब्द त्याच्यासाठी खूप वर्षांनी सुचला.

आमचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली, म्हणजे परस्परसंमतीचा. लग्न साताऱ्यात लागलं असलं तरी दोघं शेवटचे एकत्र पुण्यात राहिलो, म्हणून शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग वेगळे कधी झालो, याची तारीख लिहायची आली. मी म्हणाले गौरीच्या आदल्या दिवशी, तो म्हणाला दिवाळीनंतर. आयुष्यात ज्या दिवसाने एवढी उलथापालथ केली, तो दोघांना वेगवेगळा आठवत होता. शेवटी माझ्या भाडेकरारावरची तारीख धरली. तिच्यावर निदान शिक्का तरी होता.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला संमतीच्या अटींनी. फ्लॅटचं कर्ज कोण फेडणार, पोटगी एकरकमी की नाहीच, हे दोन बैठकांत मिटलं. अपत्य नाही, त्यामुळे ताब्याचा परिच्छेद एका ओळीचा झाला. ती ओळ मी टाईप करून घेताना खिडकीबाहेर बघत होते. दागिन्यांवर मात्र तीन आठवडे. पाटल्या, तोडे माझ्या बाबांनी केलेले, सराफाची पावती होती. ठुशी सासूबाईंनी घातलेली. कायद्यानं ती माझीच, स्त्रीधन, असं मॅडमनी सांगितलं. मी तरी परत दिली. त्यांच्या आईची होती ती.

इथे मॅडमचं एक वाक्य फार कामाला आलं. मसुद्यात आधीच छापलं होतं, ‘अर्जदार क्रमांक 1 हिला सर्व दागिने मिळाले असून तिची कोणतीही तक्रार नाही.’ त्या म्हणाल्या, हातात पडल्याशिवाय यावर सही करायची नाही, माणूस कितीही चांगला असो. मग ती देवघेव त्यांच्याच ऑफिसात झाली, वजनं यादीशी ताडून.

आणि मसुदा मराठीतच हवा, हा माझा हट्ट. इंग्रजी मला येतं, पण ज्या कागदावर सही करून बारा वर्षं संपवायची, तो एका दमात कळायला हवा ना!

दाखल करायच्या दिवशी मूळ कागद, दोन संच झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आधार घेऊन सकाळीच गेले. खिडकीवरच्या बाईंनी माझं नाव उर्फसकट मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, ‘दोघी आल्यात का?’ रांगेतले हसले, आम्हीही.

कायद्यानं पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर ती मुदत माफ करून मागता येते. आम्ही दीड वर्षाहून जास्त वेगळे होतो, अटीही सगळ्या ठरलेल्या, म्हणून आठवड्यानंतर तोही अर्ज द्यायचं ठरलं. त्याला आणखी एक प्रतिज्ञापत्र.

मूळ पत्रिका पडताळून परत मिळाली. साताऱ्याला गेले तेव्हा आईला विचारलं, हिचं आता काय करू? तिनं ती हातात घेतली, कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि ट्रंक उघडली.

‘निकाल लागेपर्यंत राहू दे. परत मागितली तर?’