तुम्ही विचारलंत म्हणून: मे महिन्यातलं टेबल

वेंगुर्ल्याला आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत येऊन गेलेलं कुणी ना कुणी घरी पोचल्यावर फोनवर विचारतंच, "उन्हाळ्यात टेबलावर काय अंथरावं हो? तुमचं पांढरं कापड पांढरं राहतं कसं?"

राहत नाही. रोज डाग पडतात आणि रोज जातात, म्हणून तर पांढरं.

गडद कापडावर डाग लपतात म्हणे. सोलकढीचा एक ओघळ पडू द्या, नारळाच्या रसाचा तेलकट पट्टा गडद रंगावर लांबून दिसतो. शिवाय दोरीवरच्या उन्हात गडद रंग विटतो तो वेगळाच. पांढऱ्या सुती कापडाचं मात्र तेच ऊन निम्मं काम करतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि नवखा माणूस घाबरतो. तो साबणातल्या खाराचा गुण. कापड खळबळून ओलंच उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो. हट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्या. आमसुलाला आधी साबण लावू नका, डाग निळसर-काळपट होतो. लगेच गार पाणी आणि थोडं लिंबू. आमरसालाही गारच पाणी. फणसाचा चीक खोबरेल तेलानं सोडवून मग धुवायचा. काजूच्या बोंडाचा डाग आमच्याकडे तरी कशानंही निघालेला नाही, त्यामुळे बोंडं अंगणात खायची, आणि जुन्या कपड्यांत.

कापड सुतीच घ्या. दमट हवेत गार पाण्याच्या तांब्याला घाम सुटतो. सुती कापड तो टिपून घेतं, पॉलिस्टरवरून तो पाहुण्यांच्या मांडीवर येतो. लिनन मला आवडतं, पण मे महिन्यात इस्त्रीसमोर उभं राहण्याइतकं नाही.

शिवायच्या आधी कापड रात्रभर भिजवून वाळवा, सूत पहिल्या पाण्यात आटतं. चारी बाजूंनी 20 ते 25 सेंटीमीटर खाली सुटेल एवढं पुरे. 150 बाय 90 च्या टेबलाला साधारण 200 बाय 140. त्याहून लांब ठेवलंत तर पोरं ओढतात. पडवीत जेवण असेल तर दुपारनंतर खारा वारा कापड उडवतो, म्हणून कोपऱ्यांच्या दुमडीत वजन शिवा. पितळी वॉशर चालतात, लोखंडी नकोत, हळद उन्हात उडते, गंजाचा डाग उन्हाला भीक घालत नाही.

नॅपकिनसाठी जुने पंचे कापून कडा दुमडून घ्या. कागदी नॅपकिन आंब्यानं माखलेल्या बोटांना चिकटून फाटतो, मग माणूस चोरून रुमाल काढतो.

मासळीच्या दिवशी मी काहीच अंथरत नाही. पुसलेलं लाकूड आणि त्यावर केळीची पानं. बांगड्याचे काटे कडेला काढून ठेवायला सभ्य माणसालाही मोकळी जागा लागते.

खळ हवी तर पातळ पेजेची करा, पण पावसाळ्याआधी ती धुऊन काढल्याशिवाय कापड कपाटात ठेवू नका. खळीवर बुरशी धरते, झुरळंही येतात. नुसतं धुतलेलं, कडकडीत वाळलेलं कापड घडी करून ठेवा आणि पावसात उघडीप मिळाली की एकदा बाहेर काढा.