तरी, ही आणि च

स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून निरोप आला, "काहीतरी लिहून द्या. कशावरही चालेल. इंग्रजीच्या तासाबद्दल अजून कोणीच लिहिलेलं नाही." एवढ्याशा निरोपात तरी, ही आणि च तिन्ही हजर! निरोप पाठवणारा बहुधा बाईंच्या हाताखालून गेलेला नसावा, नाहीतर त्याने हे मुद्दाम केलं असं मी समजले असते. आमच्या बाईंनी इंग्रजीतली अनिश्चित सर्वनामं शिकवली ती याच तीन शेपट्यांच्या आधारावर.

पुस्तकात या विषयाला जेमतेम अर्धं पान होतं. वर व्याख्या, मध्ये यादी, खाली रिकाम्या जागा भरा. समवन, एनीवन, नो वन, एव्हरीवन. मग 'बडी'वाले, मग 'थिंग'वाले. सोबत एक नियम: होकारार्थी वाक्यात 'सम', प्रश्नात आणि नकारात 'एनी'. बाईंनी तो नियम फळ्यावर लिहिला, त्याखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हा परीक्षेपुरता." मग रेघेखाली तीन मराठी वाक्यं लिहिली. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर मराठी म्हटल्यावर मागचे बाकही सरसावून बसले.

कोणीतरी आलं. कोणीही येईल. कोणीच आलं नाही.

"तिन्हींत 'कोणी' तेच. बदललं काय?" बाईंनी विचारलं. मराठीच्या तासाला 'च' आणि 'ही' शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणून येऊन गेली होती, पण त्यांचा इंग्रजीशी काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. 'तरी' म्हणजे माणूस नक्की आहे, फक्त कोण ते मला ठाऊक नाही किंवा सांगायचं नाही. ते समवन. 'ही' म्हणजे कोणालाही निवडा, फरक पडत नाही. ते एनीवन. 'च' आणि पुढे 'नाही' म्हणजे शून्य. ते नो वन. आणि बाईंनी लगेच लिहिलं: 'एनीवन कॅन डू धिस.' वाक्य होकारार्थी, तरी 'एनी'. रेघेवरचा नियम पाच मिनिटांत निकालात निघाला.

राहिलं नुसतं 'कोणी'. ते मराठीत प्रश्नात येतं आणि 'तर'च्या आधी येतं. कोणी आहे का? कोणी आलं तर सांग. दोन्हीकडे इंग्रजीत एनीवन. इज एनीवन देअर? इफ एनीवन कम्स, टेल मी. पण रात्री खिडकीशी खुडबूड ऐकू आली की आपण 'कोणी आहे का' म्हणत नाही, 'कोणीतरी आहे का तिथे?' म्हणतो. इंग्रज माणूसही तिथे 'इज समवन देअर?' म्हणतो. म्हणजे प्रश्नात 'सम' येत नाही हेही खोटं. ज्याला 'हो' अशा उत्तराची अपेक्षा आहे, तो प्रश्नातसुद्धा 'सम' वापरतो. पाहुण्याला 'वुड यू लाइक समथिंग टु ड्रिंक?' विचारतात ते यामुळेच. 'एनीथिंग' म्हटलं तर चूक नाही, पण त्यात आग्रह नाही. वाक्य होकारार्थी की प्रश्नार्थक हे बघू नका, बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते बघा, असं बाई सांगायच्या. मला तर वाटतं, हा धडा पुस्तकात व्याकरणात घालण्याऐवजी संवादात घालायला हवा होता.

ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही, हेही बाईंनीच दाखवलं. 'कोणीही आलं नाही' याचं इंग्रजी करा म्हणाल्या, तर अर्ध्या वर्गाने 'एनीबडी डिड नॉट कम' लिहिलं. शब्दाला शब्द बरोबर आणि वाक्य साफ चूक. नकारातल्या 'एनी'ला आपल्या आधी नकार लागतो. 'आय डिडंट सी एनीबडी' चालतं, कारण 'डिडंट' आधी येऊन गेलेलं आहे. वाक्याच्या तोंडाशी 'एनीबडी' ठेवलं की त्याच्या मागे कोणीच नाही. म्हणून 'नोबडी केम'. आणि एकदा 'नोबडी' आलं की क्रियापद होकारार्थीच ठेवायचं. मराठीत 'कोणीच' म्हणूनही भागत नाही, 'नाही' म्हणावंच लागतं. प्रमाण इंग्रजीत नकाराची एकच खेप.

इथे बाईंनी ग्रीक पुराणातली एकाक्ष राक्षसाची गोष्ट सांगितली. ओडिसियस त्या राक्षसाला आपलं नाव 'कोणीच नाही' असं सांगतो आणि रात्री त्याचा एकुलता डोळा फोडतो. राक्षस ओरडतो, 'नोबडी मला मारतोय!' बाहेरचे राक्षस म्हणतात, कोणी मारत नाही ना, मग ओरडतोस कशाला? आणि निघून जातात. गोष्ट संपल्यावर बाई म्हणाल्या, "आता हीच गोष्ट मराठीत सांगा." आम्ही सांगायला गेलो आणि अडकलो. 'कोणीच मला मारतंय' असं वाक्यच होत नाही. 'कोणीच मला मारत नाहीये' म्हणावं, तर राक्षस स्वतःच तक्रार मागे घेतोय असं होतं. ज्या भाषेत नकार एकाच शब्दात मावतो, तिथेच हा डाव चालतो. 'नोबडी'नंतर होकारार्थी क्रियापद का, हे त्या दिवसानंतर वर्गात कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुहेरी नकाराला बाईंनी कधी अडाणीपणा म्हटलं नाही, याचं मला आज जास्त कौतुक वाटतं. 'आय डोंट नो नथिंग' हे परीक्षेत चूक, पण इंग्रजीत पूर्वी ते सर्रास चालायचं. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर एकाच वाक्यात एकावर एक नकार रचून जोर आणतो. दोन नकारांचा होकार होतो हा हिशेब अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी पक्का केला. आजही कित्येक इंग्रजी बोलींत दुहेरी नकार जिवंत आहे आणि तिथे त्याचा अर्थ नकारच असतो. आणखी गंमत म्हणजे 'नॉट' हा शब्दच मुळात 'नथिंग' अशा अर्थाच्या जुन्या शब्दाची झिजलेली आवृत्ती आहे.

'एव्हरीवन'च्या पुढे 'इज' की 'आर', हा दुसरा मोठा घोळ. डोळ्यांपुढे गर्दी दिसते, म्हणून हात 'आर'कडे जातो. बाईंचा उपाय एका ओळीचा: मनात 'सगळे' म्हणू नका, 'प्रत्येक जण' म्हणा. सगळे आले, पण प्रत्येक जण आला. एव्हरीवन हॅज कम. ईच, एव्हरीबडी, समवन, एनीवन सगळे याच गाडीत. बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल अनेकवचनी, तिथे वाद नाही. ऑल, सम, मोस्ट यांचं मात्र पुढच्या नामावर ठरतं: सम ऑफ द वॉटर इज, सम ऑफ द बुक्स आर. 'नन'वरून बाईंचं आणि दुसऱ्या एका शिक्षकांचं शिक्षकखोलीत वाजायचं, आवाज बाहेर ऐकू यायचा. ते म्हणायचे, नन म्हणजे 'नॉट वन', तेव्हा एकवचनच. व्युत्पत्ती त्यांची बरोबर होती. पण 'नन ऑफ देम आर' असं चांगले लेखक शतकानुशतकं लिहीत आलेत, आणि बाई दोन्ही रूपांना गुण द्यायच्या.

बाईंशी माझं ज्यावर अजून पटत नाही ते म्हणजे 'एव्हरीवन ब्रॉट हिज बुक' मधलं 'हिज'. वर्गात निम्म्याहून जास्त मुली, तरी 'हिज'! आम्ही कुरकुर केली तेव्हा बाई म्हणाल्या, "नियम आहे." तो नियम होता खरा. 1850 साली ब्रिटिश संसदेने कायदाच केला की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. पण 'एव्हरीवन... देअर' हा प्रयोग त्याच्याही कितीतरी आधीचा, थेट चौदाव्या शतकापासूनचा आहे. व्याकरणकार त्याला हाकलत राहिले आणि लोक वापरत राहिले. 2019 साली मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने 'दे' हा वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला, तेव्हा मला पहिल्यांदा बाईच आठवल्या.

मराठीत हा पेच पडत नाही, आणि तो का पडत नाही हे बघण्यासारखं आहे. 'प्रत्येकाने आपापली वही आणली' यात 'आपापली'चं लिंग वहीचं, माणसाचं नाही. आणि अनोळखी माणसासाठी आपण सरळ नपुंसकलिंग वापरतो: कोणीतरी छत्री विसरलं. विसरला नाही, विसरली नाही. इंग्रजीला तिथे 'समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला' म्हणत अनेकवचनाचा आडोसा घ्यावा लागतो. शेपूटप्रश्नांत, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नांत, तर 'हिज'वाल्यांचाही 'दे'वाचून निभाव लागत नाही: नोबडी कॉल्ड, डिड दे? वर 'नोबडी' नकारी, म्हणून शेपूट होकारी. वर एकवचन, खाली 'दे'. 'नथिंग हॅपन्ड' असेल तर 'डिड इट'. 'हिज'चा आग्रह धरणाऱ्या बाई इथे मुकाट्याने 'दे' लिहायच्या, हे आम्ही तेव्हाच हेरून ठेवलं होतं.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी भराभर झाल्या. विशेषण मागून येतं, समथिंग न्यू. 'काहीतरी नवीन' म्हणणाऱ्यांना ते शिकवावं लागत नाही. 'नो वन' दोन शब्द, बाकी भावंडं जोडून. 'नथिंग बट अ फूल' म्हणजे निव्वळ मूर्ख आणि 'एनीथिंग बट अ फूल' म्हणजे मूर्ख तर मुळीच नाही. ही जोडी मात्र मन लावून पाठ करावी, कारण इथे गफलत झाली की स्तुतीची शिवी होते.

मी आता संस्थांचे इंग्रजी मसुदे तपासते: नियमावल्या, परिपत्रकं, करारनामे. तिथे सगळ्यांत जास्त वेळ खाणारं वाक्य असतं 'ऑल मेंबर्स आर नॉट एलिजिबल' या जातीचं. याचा अर्थ एकही सभासद पात्र नाही, की काही आहेत आणि काही नाहीत? वाक्य दोन्हीकडे झुकतं. 'एव्हरीवन डिडंट साइन'चंही तेच. 'नॉट ऑल' किंवा 'नो मेंबर' लिहिलं की प्रश्न मिटतो, पण दोन्हींतलं कोणतं लिहायचं ते मसुदा करणाऱ्यानेच सांगायला हवं. 'सगळे सभासद पात्र नाहीत' हे मराठीतही तितकंच गढूळ, पण आपल्याकडे 'च' आहे. म्हणून मी इंग्रजीत टिपण पाठवत बसत नाही, फोन करते आणि मराठीत विचारते, "सगळेच पात्र नाहीत, की कोणीच पात्र नाही?" बहुतेक जण तात्काळ सांगतात. एका संस्थेच्या चिटणीसांनी मात्र बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, ते अजून ठरलेलं नाही. तूर्त वाक्य आहे तसंच राहू द्या."