तुम्ही विचारलंत म्हणून: तळातला संघ मागेच का बसतो?

"नाहीतरी हरणारच आहेत, मग निदान मोकळेपणाने तरी का खेळत नाहीत?" इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये आपल्याच गोलसमोर बचाव करत बसणाऱ्या तळातल्या संघांबद्दल मार्च संपत आला की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्यांचा सूर असा असतो की तळातल्या संघांचे प्रशिक्षक भित्रे असतात आणि माझ्यासारखी माणसं तो भित्रेपणा डावपेच म्हणून खपवतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न: 2022-23 मध्ये 51 गोल करणारं लेस्टर खालच्या लीगमध्ये गेलं (तळातले तीन संघ जातात) आणि फक्त 34 गोल करणारं एव्हर्टन राहिलं, हे कसं? दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मोकळेपणाने खेळून पाहिलेल्यांची यादी कोरी नाही. बर्नली 2023-24 मध्ये विन्सेंट कोंपनीच्या हाताखाली गोलरक्षकापासून छोटे पास देत खेळलं आणि 24 गुणांवर खाली गेलं. पुढच्या मोसमात साउदॅम्प्टनने रसेल मार्टिनच्या काळात तेच अधिक हट्टाने केलं. मार्टिनला डिसेंबरातच घरी पाठवलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं: मोसमाअखेर 12 गुण, आणि सात सामने शिल्लक असतानाच रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाणं, पक्कं. प्रीमियर लीगमध्ये इतके सामने राखून कोणीच गेलेलं नव्हतं.

या पद्धतीचा कागदावरचा हिशेब चुकीचा नाही. 2019 पासून गोल किकचा (गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करण्याच्या किकचा) चेंडू बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या आयताच्या, आतच आपल्या खेळाडूला घेता येतो. त्यामुळे दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) गोलरक्षकाच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि समोरच्यांना प्रेस करायला, म्हणजे धावून येऊन दबाव टाकायला, बोलावतात. चार-पाच जण वर आले की त्यांच्या पाठीमागे जागा मोकळी होते. पण त्या जागेत चेंडू न्यायला अंगावर माणूस असताना पहिल्याच स्पर्शात वळणारा मिडफिल्डर लागतो, आणि तसा खेळाडू तळातल्या संघाकडे फार काळ टिकत नाही. वरचे क्लब त्याला उचलतात. शिवाय चुकीची किंमत सगळीकडे सारखी नसते. समोरच्या बॉक्सजवळ पास चुकला तर फार तर प्रतिहल्ला होतो, आणि तो थोपवायला अर्धं मैदान हाताशी असतं. स्वतःच्या बॉक्सजवळ चुकला तर थेट गोल.

आता मागे बसण्याबद्दल. "अकरा जण गोलसमोर उभे केले" असं म्हणणाऱ्याने एकदा खेळाडूंमधली अंतरं पाहावीत. बचावफळी बॉक्सच्या कडेला, म्हणजे गोलरेषेपासून साडेसोळा मीटरवर किंवा थोडी पुढे. तिच्यासमोर मधली फळी, आणि दोघींमध्ये दहा-बारा मीटरपेक्षा जास्त फट नको. मैदान 68 मीटर रुंद असतं, ब्लॉक (या दोन फळ्यांची मिळून भिंत) साधारण बॉक्सच्या रुंदीचा, म्हणजे 40 मीटर. उरलेले 28 मीटर दोन्ही कडांना समोरच्याला दिलेले असतात, आणि ते जाणूनबुजून. तिथून क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू) येऊ देत, उंच सेंटर-बॅक डोक्याने काढतील, असा तो सौदा आहे. चेंडू या कडेवरून त्या कडेला जात असतानाच सगळ्यांनी सरकायचं; तो पोचल्यावर सरकणारा उशिराच पोचतो. चेंडू मागे खेळला गेला की फळीने तीन-चार पावलं वर यायचं. हे विसरलं की फळी पास-पासागणिक मागे सरकत गोलरक्षकाच्या मांडीवर येऊन बसते.

बिघडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. समोरचा विंगर (कडेने चढणारा खेळाडू) गोलरेषेपर्यंत पोचला की बचावफळी घाबरून गोलजवळ धावते, आणि तो चेंडू मागे पेनल्टी स्पॉटकडे देतो, जिथे कोणीच नसतं. पासष्टाव्या मिनिटानंतर आपला लांबच्या बाजूचा विंगर थकून परत येत नाही आणि फुल-बॅक (कडेचा बचावपटू) दोघांसमोर एकटा पडतो. पण सगळ्यात जास्त ब्लॉक फुटतात ते पुढे कोणी नसल्यामुळे. काढलेला चेंडू धरून चार-पाच सेकंद टिकवणारा, किंवा मोकळ्या जागेत धावत जाणारा एकही माणूस नसेल तर चेंडू लगेच परत येतो. फळीला वर यायला वेळच मिळत नाही. बचाव कमी पडला असं आपण म्हणतो, पण खरी उणीव पुढची असते.

2022-23 च्या मोसमात शॉन डायश एव्हर्टनचा प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा 20 सामन्यांत 15 गुण होते. उरलेल्या 18 सामन्यांत 21 मिळाले. त्याने केलेला सगळ्यात मोलाचा बदल बचावातला नव्हता. आधीचा प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्डच्या शेवटच्या दिवसांत बाजूला पडलेल्या अब्दुलाये डुकूरेला त्याने परत आणलं आणि स्ट्रायकरच्या पाठोपाठ धावायला मोकळं सोडलं. चेंडू काढला की पुढे पळणारा एक माणूस हमखास. पहिल्याच सामन्यात आर्सेनलवर 1-0, गोल कॉर्नरवर टारकोव्स्कीच्या डोक्याने. 8 मे 2023 ला ब्रायटनमध्ये बहुतेक वेळ चेंडू यजमानांकडे असताना एव्हर्टन 5-1 जिंकलं, आणि पहिला गोल 34 सेकंदांत, डुकूरेचाच. त्याच दिवशी काही तास आधी लेस्टर फुलहॅममध्ये 5-3 हरलं होतं. मोकळेपणाने खेळून.

इथवर माझी बाजू भक्कम आहे. पण तुम्ही 22 मे 2023 चा सामना पुढे करता, आणि तिथे माझीही पंचाईत होते.

न्यूकासल विरुद्ध लेस्टर. लेस्टरचे 36 सामन्यांत 30 गुण. एव्हर्टनचे 37 सामन्यांत 33, लीड्सचे तितक्याच सामन्यांत 31. लेस्टरचा प्रशिक्षक डीन स्मिथने जेम्स मॅडिसन आणि हार्वी बार्न्स या आक्रमणातल्या दोघांनाही बाकावर बसवून सामना सुरू केला. जवळजवळ पूर्ण वेळ लेस्टर आपल्याच बॉक्ससमोर होतं. न्यूकासलचे फटके गोलच्या चौकटीवर आदळले. लेस्टरने गोलकडे मारलेला एकमेव फटका टिमोथी कास्टानचा, तोही भरपाई वेळेत, आणि न्यूकासलचा गोलरक्षक निक पोपने तो अडवला. 0-0.

आधी गुणांचा हिशेब मांडू. हरले असते तर 30, आणि शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमला हरवून 33: एव्हर्टन हरलं तरच बचाव. बरोबरीने 31, म्हणजे जास्तीत जास्त 34: एव्हर्टनने बरोबरी केली तरी चालेल, कारण गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) लेस्टरचा चांगला होता. जिंकले असते तर 33, शेवटचा सामना जिंकून 36, आणि एव्हर्टन जिंकलं तरी गोलफरकावर लेस्टरच राहणार. समजा एव्हर्टन जिंकण्याची शक्यता निम्मी, बरोबरी आणि हार पाव-पाव. लीड्सचा भाग बाजूला ठेवू आणि वेस्ट हॅमवरचा विजय धरून चालू. मग हरल्यास वाचण्याची शक्यता 25 टक्के, बरोबरीत 50, जिंकल्यास 100. हारेच्या तुलनेत बरोबरीने मिळतात 25, विजयाने 75. बरोबरीला एक आणि विजयाला तीन या लीगच्या गुणांचंच हे प्रमाण. म्हणजे बरोबरीत सुटणारे तीन सामने जोखीम घेऊन खेळले आणि त्यांतला एक जिंकून दोन हरले, तर नफाही नाही, तोटाही नाही. जोखीम घ्यायची तर तीनपैकी एकाहून जास्त वेळा ती फळायला हवी.

फळली असती का? आधीच्या दोन सामन्यांत आठ गोल खाल्लेला, नोव्हेंबरनंतर लीगमध्ये एकही क्लीन शीट (गोल न खाल्लेला सामना) नसलेला संघ, समोर चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या) उंबरठ्यावर उभं असलेलं न्यूकासल, तेही त्यांच्या मैदानावर. स्मिथच्या जागी असतो तर बचावफळी मीही खोलच ठेवली असती. न्यूकासललाही चॅम्पियन्स लीगसाठी एकच गुण पुरेसा होता, हे त्यात धरा. ज्याला जिंकायचंच आहे असा संघ शेवटी पाठीमागे रान मोकळं सोडतो. ज्याला बरोबरी पुरते तो कशाला सोडेल? त्यामुळे "शेवटच्या वीस मिनिटांत प्रतिहल्ला करू" ही योजना मुळातच लंगडी होती.

आणि तरीही. ब्लॉक खोल ठेवणं एक, आणि त्यातून बाहेर पडायची वाटच न ठेवणं दुसरं. बार्न्स हा डावीकडून तीस-चाळीस मीटर चेंडू घेऊन पळणारा खेळाडू. तो ब्लॉकमध्ये कमजोर, हे मान्य. त्याच्या मागचा फुल-बॅक दोघांसमोर सापडला असता, हेही मान्य. पण त्याच्या धास्तीने न्यूकासलचा एक फुल-बॅक तरी अर्ध्या रेषेवर थांबला असता, आणि त्या बाजूचा क्रॉस कमी झाला असता. पुढचा खेळाडू असाही बचाव करतो. हे मी दुसऱ्यांना शिकवतो, आणि त्या सामन्याचा बचाव करताना सोयीस्करपणे गाळतो, असं तुमच्यापैकी एकाने सुनावलं होतं. गाळत नाही. पण मॅडिसन आणि बार्न्स दोघेही सुरुवातीपासून हवे होते, हेही मला पटत नाही. एक हवा होता. कोणता, यावर माझं मत दर वेळी बदलतं.

2015 चं लेस्टर उदाहरण म्हणून मी बरीच वर्षं वापरलं. 29 सामन्यांत 19 गुण, मग शेवटच्या नऊपैकी सात विजय, एकूण 41. प्रशिक्षक नायजेल पिअर्सनने मॉर्गन, हूथ, वासिलेव्स्की असे तीन सेंटर-बॅक लावले, पण ते मागे बसायला नव्हे. बाजूंना ऑलब्राइटन आणि श्लुप वर चढू शकावेत, म्हणून. तेव्हाचा मी आजच्या मला म्हणेल, बघ, धाडस फळतं. आजचा मी म्हणेन, त्या नऊ सामन्यांत चेल्सीच्या तोडीचा एकच संघ होता, तो म्हणजे चेल्सीच, आणि त्या सामन्यात ते 3-1 हरले.

28 मे 2023, मोसमाचा शेवटचा दिवस. चौतिसाव्या मिनिटाला बार्न्सने वेस्ट हॅमवर गोल केला आणि लेस्टर बोर्नमथशी 0-0 वर असलेल्या एव्हर्टनच्या वर गेलं, न्यूकासलच्या त्या एका गुणामुळेच. तो नसता तर 33 विरुद्ध 34 असं मागेच राहिलं असतं. सत्तावन्नाव्या मिनिटाला बोर्नमथच्या बचावाने काढलेला चेंडू बॉक्सच्या कडेला डुकूरेपाशी आला आणि त्याने तो थेट गोलमध्ये मारला. एव्हर्टन 36, लेस्टर 34. बोर्नमथने तो चेंडू काढला तेव्हा बॉक्सच्या कडेवर त्यांचा एकही माणूस का नव्हता, हा प्रश्न मात्र मला अजून कोणी विचारलेला नाही.