सर्व्हर आकड्यांत बोलतो

दिवाळी अंकाची छपाईसाठी तयार केलेली पीडीएफ ईमेलने जात नाही. पानं दोनशेच्या वर, त्यात रंगीत जाहिराती, आणि चित्रं बारीक करून पाठवली की छापून आल्यावर जाहिरातदार बोलतात. आमच्या प्रेसने यासाठी स्वतःचा एफटीपी सर्व्हर ठेवलाय; एफटीपी म्हणजे नेटवरून फाइली पाठवायची जुनी पद्धत. मेलवर पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट २१ (पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) एवढंच येतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. पूर्वी तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की निदान फोल्डर तरी दिसायचं. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स, दोघांनीही एफटीपी काढून टाकलं. फाइलझिलासारखी सॉफ्टवेअरं आहेत, पण ऑफिसच्या मशीनवर नवीन काही टाकायची परवानगी नाही. उरली कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी.

विंडोजमध्ये एफटीपी ही कमांड आधीपासूनच असते. (इथे मी उच्चार देतोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं.) एफटीपी, स्पेस, सर्व्हरचा पत्ता, एंटर. समोरून २२० आलं, म्हणजे सर्व्हर तयार आहे. युजरनेम दिल्यावर ३३१, म्हणजे आता पासवर्ड सांगा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, कीबोर्ड बिघडलेला नसतो. मग २३०, लॉगिन झालं.

या आकड्यांपुढच्या इंग्रजी वाक्याकडे फार लक्ष देऊ नका, ते प्रत्येक सर्व्हरचं वेगळं असतं. पहिला अंक बघा. २ म्हणजे झालं, ३ म्हणजे पुढचं सांगा, ४ म्हणजे आत्ता जमत नाहीये, ५ म्हणजे असं जमणारच नाही. ५३० दिसला तर पासवर्ड किंवा नाव चुकलंय, नेटला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आत गेल्यावर फोल्डरची यादी मागायला डीआयआर दिलं आणि गाडी अडली. ‘२०० पोर्ट कमांड सक्सेसफुल’ एवढं आलं, मग सगळं ठप्प. बऱ्याच वेळाने ४२५. प्रेसमध्ये फोन लावला, तर तिथला मुलगा म्हणाला, “सर, आमच्याकडून ओके आहे, तुमचं नेट चेक करा ना.” नेट व्यवस्थित होतं.

गोम अशी की एफटीपी एका जोडणीवर चालतच नाही. पोर्ट २१ वरून फक्त बोलणं होतं. फाइल किंवा फोल्डरची यादी यायला दर वेळी दुसरी जोडणी उघडावी लागते, आणि जुन्या, म्हणजे ॲक्टिव्ह पद्धतीत ती सर्व्हर आपल्याकडे उघडतो. माझ्या मशीनने त्याला आपला पत्ता कळवला तो १९२.१६८ ने सुरू होणारा, राउटरच्या आतला. बाहेरच्या सर्व्हरला तो कसा सापडणार? एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा आहे. तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. त्या वेळी नेटवर्कवरची मशीनं एकमेकांना थेट गाठू शकत. राउटरमागे दडलेले घरोघरचे कॉम्प्युटर ही फार नंतरची गोष्ट.

यावर उपाय पॅसिव्ह मोड. त्यात दुसरी जोडणीही आपणच सर्व्हरकडे उघडतो. पण विंडोजच्या एफटीपी कमांडला तो येत नाही. ‘क्वोट पीएएसव्ही’ टाइप करा असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो, तो निरुपयोगी आहे. सर्व्हर बिचारा पॅसिव्ह होतो, आपल्या बाजूच्या प्रोग्रामला मात्र त्याचा पत्ताच नसतो.

कामाला आला कर्ल, फाइली आणण्या-पाठवण्याची आणखी एक कमांड. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत तो आयताच असतो आणि पॅसिव्ह मोडनेच चालतो. कर्ल, डॅश कॅपिटल टी, फाइलचं नाव, मग एफटीपीचा पूर्ण पत्ता आणि शेवटी स्लॅश. तो स्लॅश विसरू नका, नाहीतर फोल्डरचं नावच फाइलचं नाव समजलं जातं. डॅश यू पुढे फक्त युजरनेम द्यायचं, पासवर्ड तो नंतर विचारतो. डॅश व्ही जोडलं की दोन्हीकडचं संभाषण दिसतं. कर्लने आधी नव्या पद्धतीने विचारलं, प्रेसच्या जुन्या सर्व्हरने ५०० म्हणून झटकून टाकलं. मग जुन्या पद्धतीने विचारल्यावर २२७ आणि कंसात सहा आकडे. पहिले चार म्हणजे पत्ता. शेवटचे दोन होते १९५ आणि १४९. १९५ गुणिले २५६ अधिक १४९, म्हणजे पोर्ट ५००६९. दुसरी जोडणी तिथे लागली आणि फाइल सरकायला लागली. शेवटी २२६, म्हणजे फाइल पूर्ण गेली. हा आकडा येईपर्यंत खिडकी बंद करायची नाही. मध्येच लाइट गेली तर तीच कमांड डॅश कॅपिटल सी आणि आणखी एक सुटा डॅश लावून द्या, सर्व्हरची हरकत नसेल तर राहिलेलं तेवढंच जातं.

फाइलचं नाव देवनागरीत ठेवू नका. आमचं मुखपृष्ठ पलीकडे प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोचलं होतं.

साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, हे मला खटकत होतं. प्रेसला विचारलं तर एसएफटीपीसुद्धा आहे म्हणाले, वेगळ्या पोर्टवर. मग आधीच का नाही सांगितलं? तर “कुणी मागत नाही, सर.” एसएफटीपी हे नाव सारखं असलं तरी प्रकरण वेगळं. ते एसएसएचवर, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षित बोलायच्या पद्धतीवर चालतं, एकच जोडणी, सगळं कूटबद्ध. एसएफटीपी कमांडला पोर्टसाठी डॅश कॅपिटल पी. एसएसएच कमांडला तोच पी छोटा लागतो, ही कुणाची हौस कोण जाणे. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, दाखवून ‘यस’ म्हणायला सांगतात. लोक डोळे मिटून यस म्हणतात. मी त्या मुलाला फोनवर धरून ठसा अक्षर-अक्षर ताडून घेतला. तो वैतागला, पण वाचून दाखवला त्याने. पुढे फाइल चढवायला पुट दिलं की टक्केवारी सरकताना दिसते, आणि अर्धवट राहिलेल्या फाइलला रीपुट आहे.